लिस्बनची नोंद आणि आमोण्याचे घर

पोर्तुगीज पारपत्राची ओढ ही सासष्टी-बारदेशाची मिरास, असा समज गोव्यात दीर्घकाळ रूढ होता. तो आता सोडून द्यावा लागेल. डिचोली तालुक्यात, मांडवीकाठच्या आमोणे-न्हावेलीपासून साखळीपर्यंत, आजोबांच्या जन्माची नकल कोठे मिळेल याची चौकशी आज हिंदू घरांतूनही होते. कारण उघड आहे. २०१२ साली खाणी प्रथम थांबल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर बार्जी आणि ट्रक यांवर उभा असलेला या पट्ट्याचा संसार दुसऱ्यांदा कोलमडला. काही खाणी पुन्हा सुरू झाल्या असल्या तरी मधल्या वर्षांत तरुणांनी जे दार शोधले ते लिस्बनकडे उघडते. त्या दारातून जाणाऱ्यास नावे ठेवण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. पण उंबरठा ओलांडताना मागचे दार आपोआप बंद होते, हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगावयास हवे.

हा हक्क मुळात आला कोठून? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने जन्मतः पोर्तुगीज होती. भारताचे गोव्यावरील सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले, तरी या व्यक्तींचा आणि त्यांच्या वंशजांचा लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून घेण्याचा मार्ग खुला ठेवला. भारताने मात्र आपली बाजू फार आधी निश्चित केली होती. २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशान्वये, जो स्वतः, अथवा ज्याचे आईवडील वा आजी-आजोबा यांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक ठरला. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व राखावयाचे असेल त्याला लेखी निवेदनासाठी एक महिन्याची मुदत होती. आमोण्यातील आपल्या आजोबांनी कोणताही कागद केला नाही, आणि कागद न करताच ते भारतीय झाले.

ज्यांनी असे निवेदन केले त्यांच्यापैकी मोन्सेन्योर मोंतेरो यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पोर्तुगीज नागरिकत्व राखून हे धर्मगुरू गोव्यातच राहिले. वास्तव्याचा परवाना संपल्यावरही गेले नाहीत, तेव्हा परकी नागरिक म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. जन्मभूमीत माणूस परका ठरू शकतो, आणि तो एका कागदाने ठरतो, हे त्या निकालाने दाखवून दिले.

आजचा कायदा तितकाच निःसंदिग्ध आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे ९ वे कलम सांगते की, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व पत्करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. केवळ लिस्बनला जन्मनोंद केली म्हणजे नागरिकत्व गेले काय, यावर गोव्यात बरीच वर्षे वाद चालला. पण पोर्तुगीज पारपत्र हाती आले की त्या वादात अर्थ उरत नाही, कारण नियमांनी परदेशी पारपत्रालाच निर्णायक पुरावा मानले आहे. मग मतदारयादीत नाव ठेवणे, पंचायतीला मत देणे, भारतीय पारपत्रावर प्रवास करणे, हे सारे अपराधाच्या कक्षेत येते. ‘कोणाला कळते?’ हा प्रश्न अनेकांच्या ओठांवर असतो. नोव्हेंबर २०२२ पासून परराष्ट्र खात्याने पारपत्र परत घेऊन प्रमाणपत्र देण्याऐवजी ते रद्दच करण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा कितीजणांचे ‘कळले’ हे उघड झाले. त्या मंडळींना परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ‘ओसीआय’, कार्डही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने, समर्पणाच्या दाखल्याऐवजी पारपत्र रद्द झाल्याचा दाखला त्या अर्जासाठी चालेल, अशी सवलत दिली. सवलतीवर विसंबून कोणी नियम मोडू नये. क्रम सरळ आहे. परदेशी पारपत्र मिळताच भारतीय पारपत्र स्वतः नेऊन द्यावे, समर्पणाचा दाखला घ्यावा, आणि मग ओसीआयचा अर्ज करावा.

त्या कार्डाविषयीही भाबडेपणा बरा नव्हे. त्याने गोव्यात येणे-राहणे सुकर होते, पण मताधिकार नाही, सामान्यतः सरकारी नोकरी नाही, आणि शेतजमीन वा कुळागर विकत घेता येत नाही. वारसाने आलेले ठेवता येते. ज्या घरात कुळागराची वाटणी व्हावयाची आहे तेथे ती आधी उरकावी, पारपत्र नंतर. शिवाय ज्या इंग्लंडसाठी हा सारा खटाटोप पूर्वी होत असे, त्याची वाट ३१ डिसेंबर २०२० नंतर पोर्तुगीज पारपत्रानेही पूर्वीसारखी उघडत नाही. युरोपात इतरत्र भाषा शिकावी लागते, ही गोष्ट एजंट शेवटी सांगतो.

खरी जिकीर मात्र नावांची. पोर्तुगीज कारकुनाने लिहिलेल्या जुन्या नोंदीत शेणव्यांचे ‘सिनाय’ झालेले, प्रभूंचे ‘पोरोब’, कामतांचे ‘कामोतीम’; ‘श’ साठी एक्स आणि ‘क’ साठी कधी सी, कधी क्यू. शाळेच्या दाखल्यावर तोच मुलगा वेगळ्या वर्णांनी लिहिला गेला, आधार कार्डावर आणखी वेगळा. जन्मतारखाही जुळत नाहीत, कारण शाळेत घालताना वय अंदाजाने सांगण्याची रीत होती. आजीचे तर विचारूच नये: माहेरी एक नाव, लग्नात बदललेले दुसरे, आणि नोंदणी कार्यालयातील लग्नाच्या सहीत कदाचित तिसरेच. ख्रिस्ती कुटुंबाला बाप्तिस्म्याचे दप्तर साक्ष देते. नव्या काबिजादीतल्या हिंदू घराला तो आधार नाही. अशा वेळी ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र उपयोगी पडते, पण मूळ नोंदीतील चूक प्रतिज्ञापत्राने सुधारत नाही. त्यासाठी निबंधकाकडे, आणि गंभीर फरक असेल तर न्यायालयात, जावे लागते. यास महिने लागतात. घाई असलेल्या माणसाला ‘दोन दिवसांत करून देतो’ म्हणणारा भेटतो, आणि तेथेच बनावट दाखल्याची सुरुवात होते. सापडल्यावर एजंट नामानिराळा राहतो, सही अर्जदाराची असते.

परदेशी जाण्याचा विचार नसलेल्यांनीही ही कपाटे उघडावीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीसाठी गोव्याची निवड केली, तेव्हा कागद विचारले जाणे ही केवळ प्रवाशांचीच बाब राहिली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळाप्रवेश आणि पारपत्र यांसाठी जन्माचा दाखलाच प्रमाण झाला आहे. आजच्या बाळाचे नाव आज नीट लिहून घेणे सोपे. साठ वर्षांनी ते त्याच्या नातवाला निस्तरावे लागते.

आरंभ कोठून करावा, असे विचारणाऱ्यास आमचे सांगणे एवढेच की एजंटाकडून नव्हे. प्रथम डिचोलीच्या नागरी निबंधकाकडे, आणि दप्तर जुने असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात, नोंदीची संपूर्ण मजकुराची नकल मागावी. तुटपुंज्या उताऱ्यावर समाधान मानू नये. ती पोर्तुगीज जाणणाऱ्या एखाद्या वृद्धाकडून वाचून घ्यावी आणि आईवडील, आजी-आजोबा यांची नावे आपल्या कागदांशी एकेक अक्षराने ताडून पाहावीत. अर्ज करण्याचे ठरलेच, तर वडिलांची नोंद, मग त्यांचे लग्न, मग आपला जन्म, या क्रमाने जावे, आणि आवश्यक ते आपोस्तिल मुद्रांकन परराष्ट्र खात्याकडून करून घ्यावे. नकला दोन काढाव्यात. एक अर्जासोबत जाईल. दुसरी आमोण्याच्या घरात ठेवावी.