चिखलातले साडेअठरा

तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागेला ऑक्टोबरचा पाऊस नको असतो. छाटणी उरकलेली असते, कोवळी फूट वर येत असते, आगाप बागांत घड दिसायला लागलेले असतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस मुक्काम ठोकतो. अशा एका ओल्या संध्याकाळी खताच्या पोत्यांनी भरलेली पिकअप बागांमधल्या वाटेत रुतली होती. चार जण मागून रेटत होते, चाकं जागेवर फिरून चिखल उडवत होती. तेवढ्यात बागेतून एक बुटका ट्रॅक्टर आला. साखळी अडकवली, ताणली आणि इंजिनाचा आवाज फारसा न चढवता गाडी मुरमावर आणून सोडली. ट्रॅक्टरचं वजन पिकअपच्या निम्म्याहूनही कमी असेल. चालवणाऱ्याला मी विचारलं, केवढ्याचा आहे हा? "साडेअठरा," तो म्हणाला आणि साखळी गुंडाळून निघून गेला.

त्या साडेअठरा हॉर्सपॉवरच्या मागं मी गेलो तो ही ओढ पाहून. पिकअप ओढणं हे त्याचं काम नव्हेच. त्याचं खरं काम दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू झालं.

द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या बुरशीला पानावर पाण्याचा पातळसा थर पुरतो. तिचे बीजाणू त्या पाण्यात पोहत पानाच्या छिद्रापर्यंत पोचतात आणि काही तासांत आत शिरतात. एकदा आत गेले की वरून मारलेल्या स्पर्शजन्य औषधाचा उपयोग राहत नाही. फुलोऱ्याच्या आसपास बुरशी घडावर बसली तर घडच वाळून जातो. म्हणून पाऊस उघडला की औषध मारायचं आणि ते लगेच. पण तेव्हा रानात वाफसा नसतो, काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत जातो. वाफशाची वाट पाहावी तर बाग जाते, न पाहावी तर ट्रॅक्टर रुततो.

पहाटे साडेपाचला ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राच्या टाकीत पाणी सुटलं. टाकी ६०० लिटरची. औषध कालवणं, गाळणं, ट्रॅक्टरवरून ब्लोअर फिरवणारा पीटीओचा दांडा तपासणं ही कामं बोलता बोलता झाली. मात्र पाणी टाकीच्या मधल्या रेघेच्या थोडं वर आलं तसा ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं नळ बंद केला.

"भर की पुरती," बागेचे मालक आबा म्हणाले.

"चारशेच बास, आबा. खालच्या कोपऱ्यात पाणी हाय."

एक फेरी वाढली, वेळ वाढला, पण आबा पुढं बोलले नाहीत. त्या दोनशे किलोंचा हिशेब त्याच्याइतका कुणालाच कळत नाही.

शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. १८.५ हॉर्सपॉवर म्हणजे जेमतेम १४ किलोवॅट, मोटारगाड्यांच्या जगात अगदीच किरकोळ. पण ताशी २० किलोमीटरवरून ताशी २ वर उतरलं की तीच शक्ती दहापट ओढीत उतरते. मधली गळती सोडली तर कागदावर ती अडीच टनांच्या घरात जाते. म्हणजे पाऊण टनाच्या आसपासच्या त्या यंत्राला इंजिन कधी कमी पडतच नाही. कमी पडते ती जमिनीवरची पकड. पकड मिळते चालत्या चाकांवरच्या वजनातून. साध्या ट्रॅक्टरची मागची दोनच चाकं ओढतात, पुढची दोन चिखलात नुसती ढकलावी लागतात. याची चारही चाकं ओढतात, त्यामुळं अंगावरचं सगळं वजन कामी येतं. शिवाय पुढच्या चाकांनी दाबून दिलेल्या वाटेवर मागची चाकं चढतात. आबांच्या शेडमध्ये ४५ हॉर्सपॉवरचा मोठा ट्रॅक्टरही होता. दोन टनांचं ते धूड द्राक्षाच्या मांडवाखाली मावतच नाही आणि दाटीवाटीनं मावलं असतं तरी मुळ्यांवरची माती दाबून घट्ट करून गेलं असतं. जपानच्या भातखाचरांसाठी घडलेला हा बुटका घाट इकडं द्राक्षाच्या ओळींत आला आणि इथलाच झाला. बरेच जण त्याला अजून नुसतं 'मित्सुबिशी' म्हणतात.

खालच्या कोपऱ्यात व्हायचं तेच झालं. ट्रॅक्टर अर्ध्या चाकाला टेकला. मागचं डावं चाक एकदा, फार तर दीडदा जागेवर फिरलं असेल, तेवढ्यात त्यानं क्लच दाबला होता. त्याची नजर पुढं नव्हतीच, ओळीत शिरल्यापासून तो मान वळवून मागच्या चाकाकडं पाहत होता. चाक जागेवर फिरू दिलं की काळी माती टायरच्या नक्षीत गच्च बसते, टायरचा गोटा होतो आणि मग सुटका नाही. त्यानं सर्वांत खालचा गिअर टाकला, पायानं डिफरन्शियल लॉक दाबला. आता मागची दोन्ही चाकं बरोबरीनंच फिरणार होती. रेस मुळीच न वाढवता त्यानं क्लच सोडला. ट्रॅक्टर थरथरला, चिखलानं फसक् असा आवाज केला आणि टाकीसकट सगळं हाताएवढं, मग वावभर पुढं सरकलं. मागच्या टायरमध्ये त्यानं पावसाआधीच पाणी भरून ठेवलं होतं, वजनासाठी.

"रेस द्यायची न्हाय," तो नंतर म्हणाला. "साडेअठरा सगळं वापरायचं नसतंय."

पुन्हा पुन्हा आठवतो तो मात्र वास. ओली माती, डिझेलचा धूर आणि त्यावर मँकोझेब या बुरशीनाशकाचा गंधकासारखा, घशात चिकटणारा दर्प. ब्लोअर मागं असला तरी ओळीच्या टोकाला वळताना अख्खा फवारा त्याच्या अंगावर येतो. मांडव डोक्यावर असल्यानं केबिन बसत नाही. तोंडाला टॉवेल, डोळे उघडे. यंत्रानं त्याची ओढाताण वाचवली, पण श्वास वाचवला नाही. हजारोंची औषधं घेणाऱ्या बागेत चांगला मास्क आणि चष्मा का नसावा, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलं नाही.

तरीही तो हेच काम चांगलं म्हणतो, आणि त्याचं कारण त्याच्या उजव्या खांद्यावर आहे. या ट्रॅक्टरआधी बारा वर्षं त्यानं नळी ओढली. पंप बांधावर आणि औषधानं भरलेली शंभर मीटर नळी खांद्यावरून ओळीओळीत. कोरड्यात जड, चिखलात दुप्पट जड. एक जण गन मारणार, दोघं मागं नळी सावरणार, तिघंही नखशिखांत भिजणार. त्या खांद्यावर कातडी जाड झाली आहे, हात वर नेला की आतून कळ येते. तेव्हा चिखलातली सगळी ओढ माणसाच्या अंगातून निघायची आणि तिचे हॉर्सपॉवर कुणी मोजले नव्हते. म्हणून बागेत यंत्रं वाढल्यानं मजुरांचं काम गेलं असं कुणी सरसकट म्हटलं की मला हा खांदा आठवतो. हे काम गेलं ते बरंच झालं.

साडेनऊपर्यंत चार टाक्या झाल्या. मिरजेकडून पुन्हा ढग भरून येत होते. आबा पुढच्या हंगामात २७ हॉर्सपॉवरचा घ्यायचं म्हणत होते, म्हणजे भरली टाकीही ओढेल. तो टायरमधला चिखल खुरप्यानं काढत होता. मोठा घेतला तर वजन किती, रुंदी किती, चारी चाकं चालतात का, एवढंच त्यानं विचारलं. आबांना रुंदी सांगता आली नाही. मग त्यानं खुरप्याच्या दांड्यानं दोन ओळींमधलं अंतर मोजून दाखवलं आणि पाचव्या टाकीसाठी नळ सोडला. चारशेलाच बंद केला.