टेक्सास : जमीन राखून विलीन झालेले राज्य

जुन्या मराठी पुस्तकांत अमेरिकेला ‘संयुक्त संस्थाने’ म्हणत. संस्थान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजा, दरबार, हत्ती-घोडे उभे राहतात. तेव्हा हे नाव वाचून गंमत वाटे. पण त्यांपैकी टेक्सासला तरी ते बरेचसे शोभते. स्वतःचा राजा तेथे नव्हता, परंतु स्वतःचे निशाण होते, स्वतःचा अध्यक्ष होता, आणि स्वतःचे कर्जही होते.

विस्तार सुमारे ६,९५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. पश्चिम टोकाच्या एल पासो शहरातून निघालेल्या माणसाला याच राज्याच्या पूर्वेकडील ब्यूमाँटपेक्षा पॅसिफिक महासागर जवळ पडतो! पूर्वेस पाइनची दाट राने, पश्चिमेस ओसाड माळ.

हा मुलूख पूर्वी मेक्सिकोचा. तेथे वसाहत केलेल्या अमेरिकनांनी २ मार्च १८३६ रोजी स्वातंत्र्य पुकारले. चारच दिवसांनी सॅन अँटोनिओची आलामो गढी पडली व आतील बहुतेक लढवय्ये कामास आले. एप्रिलमध्ये सॅम ह्यूस्टनने सॅन हासिंतोच्या लढाईत त्याचे उट्टे काढले. आलामोच्या दर्शनाला आजही रीघ लागते. मात्र तेथे हात जोडताना एवढे ध्यानी ठेवावे, की मेक्सिकोने १८२९ साली बंद केलेल्या गुलामगिरीला या नव्या प्रजासत्ताकाने आपल्या घटनेत संरक्षण दिले. तेथील गुलामांना मुक्ततेची द्वाही ऐकायला १९ जून १८६५ उजाडावा लागला.

प्रजासत्ताक जेमतेम नऊ वर्षे टिकले. खजिना रिता, देणे डोक्यावर. १८४४ च्या तहानुसार सरकारी जमीन अमेरिकेने घ्यावी व कर्जही तिनेच फेडावे, असे ठरले होते. तो तह अमेरिकेच्या सेनेटने फेटाळला. १८४५ साली विलीनीकरण झाले ते निराळ्या अटींवर : कर्ज तुमचे तुम्हांला, आणि जमीनही तुमची तुम्हांलाच! विलीनीकरणात कोणती मिळकत कोणाकडे राहिली, याचे महत्त्व आपल्या शहरातील जुन्या घराण्यांना सांगायला नकोच.

त्या जमिनीने पुढे नवल केले. राजधानी ऑस्टिनमध्ये १८८८ साली गुलाबी दगडाचे भव्य विधानभवन उभे राहिले. त्याच्या बांधकामाची किंमत रोख नव्हे, तर उत्तरेकडील तीस लाख एकर जमीन देऊन चुकती केली. ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वीच तेथून कोमांची लोकांना हुसकून लावले होते. विद्यापीठाच्या वाट्याला पश्चिमेचा सुमारे वीस लाख एकर रुक्ष माळ आला. चराईपलीकडे त्याचा उपयोग नाही, असा सगळ्यांचा समज. १९२३ साली तेथे ‘सांता रिता’ विहिरीला तेल लागले. रिता ही कॅथलिकांत अशक्य गोष्टींची संत. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी. त्या तेलाच्या उत्पन्नातून दोन मोठ्या विद्यापीठांचा निधी वाढत गेला.

आणि उलटा प्रकारही पाहा. नैर्ऋत्येस रिओ ग्रांदे नदीच्या मोठ्या वळणावर राष्ट्रीय उद्यान करायचे, तर संघसरकारजवळ तेथे जमीनच नाही! राज्याने ती खरेदी करून भेट दिली, तेव्हा कुठे १९४४ साली ‘बिग बेंड’ उद्यान झाले. प्रवाशाने आलामो धावता पाहिला तरी चालेल, पण या उद्यानातील सांता एलेनाची घळ चुकवू नये. सरळसोट कडे, मधून संथ पाणी. एक कडा टेक्सासचा, समोरचा मेक्सिकोचा.