छोटी नदी, कयाक आणि वाटेतले अडथळे

वेंगुर्ल्यातल्या स्वामिनी बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. मग आपल्या नदीत कयाक का नको, असा विषय आमच्या गटात निघाला. कयाक म्हणजे एका-दोघांची अरुंद होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची. आम्ही सहा जणी, सगळ्या नवशिक्या, एका जाणकार ताईंना घेऊन दिवाळीनंतर पाण्यात उतरलो.

आम्हाला भीती होती खडकांची. ताई म्हणाल्या, त्याहून वाईट आडवं पडलेलं झाड. गाळणीतून चहा निघून जातो, पत्ती अडकते. तसंच फांद्यांमधून पाणी जातं, माणूस अडकतो आणि मागचं पाणी त्याला दाबतच राहतं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. म्हणून झाड दिसलं की लांबूनच काठाला लागायचं आणि होडी उचलून पलीकडे न्यायची. असं आम्ही पाच वेळा केलं. तीन तासांत जेमतेम दीड किलोमीटर, आणि त्यातलं निम्मं होडी डोक्यावर घेऊन!

खडकाचं उलटं आहे. होडी आडवी होऊन खडकाला टेकली तर खडकाकडेच झुकायचं. घाबरून अंग मागे घेतलं की प्रवाहाच्या बाजूनं पाणी होडीवर चढतं आणि ती पलटते.

पाण्यात पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे आणि वर. गुडघाभरच पाणी आहे म्हणून ओढीत उभं राहायचं नाही. दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला पालथं पाडतं. साडी, ओढणी घरी ठेवायची, फांदीत गुंतते. लाइफ जॅकेट मात्र पोहणारीनंही घालायचं, पट्टे आवळून.

बंधारा दिसायला गरीब. पण पाणी वरून सांडत असेल तर पायथ्याशी ते रहाटगाडग्यासारखं फिरतं. माणसाला खाली नेतं, वर आणतं, पुन्हा बंधाऱ्याकडे ओढतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यातून सुटणं अवघड. आमची फेरी बंधाऱ्याच्या बरीच अलीकडे संपली.

पाहुण्यांना झाडाझुडपांच्या त्या टप्प्यात न्यायचं नाही, असं गटानं ठरवलंय. बंधाऱ्यामागचं थोपलेलं पाणी संथ आहे, तिथेच कयाक घालायच्या, तेही पाणी सांडत नसेल तेव्हाच. वरच्या धरणातून पाणी कधी सोडणार, ते आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याला विचारायचं. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय.