राजे, कांद्याचं बोला!

''तुमचा खासदार कोण?'' परवा मगरपट्ट्यातल्या एका कॉफी शॉपमध्ये मी हा प्रश्न टाकला, तर टेबलावरच्या पाचपैकी तिघांनी सरळ मोबाइल उचलला. चौथा म्हणाला, ''पुण्याचा जो असेल तो.'' राँग आन्सर, बॉस! हडपसर लोकसभेला पुण्यात येतच नाही. मगरपट्टा, अमनोरा आणि तिकडे भोसरी-मोशी, हा सगळा टॉवरवाला पट्टा शिरूर मतदारसंघात मोडतो. म्हणजे तुमच्या ईएमआयवाल्या फ्लॅटचा, जुन्नरच्या टोमॅटोवाल्याचा आणि आंबेगावच्या कांदेवाल्याचा खासदार एकच. पाचवी मात्र झटकन बोलली, ''अरे, ते संभाजी महाराज नाही का!''

हसू नका. तिला नाव आठवलं नाही, पण माणूस बरोबर सांगितला. आणि २०१९ साली लाखो लोकांनी त्यांना ओळखलं ते याच नावाने.

डॉ. अमोल कोल्हे मूळचे नारायणगावचे, म्हणजे जुन्नर तालुक्यातले. मुंबईत एमबीबीएस केलं आणि मग कॅमेऱ्यासमोर गेले. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती' सुरू झाली आणि ते घराघरात शिवाजी महाराज झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' आली. आता भूगोल बघा. जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. आणि संभाजीराजांची समाधी वढू बुद्रुकला, म्हणजे याच मतदारसंघातल्या शिरूर तालुक्यात. सासू-सुनेच्या सीरियलमधला हिरो असता तर गोष्ट वेगळी होती. इथे माणूस रोज रात्री लोकांच्या देव्हाऱ्याशेजारून बोलत होता.

मार्च २०१९ मध्ये कोल्हे शिवसेना सोडून राष्ट्रवादीत आले आणि २९ एप्रिलला मतदान झालं. मालिका संपली फेब्रुवारी २०२० मध्ये. म्हणजे दिवसभर उमेदवार गावोगाव हात जोडत फिरणार आणि रात्री तोच चेहरा जिरेटोप घालून टीव्हीवर! समोर होते शिवाजीराव आढळराव पाटील, आंबेगावातल्या लांडेवाडीचे, सलग तीनदा खासदार. २०१४ मध्ये ते तब्बल ३ लाखांच्या फरकाने जिंकले होते. पाच वर्षांनी त्याच मतदारसंघात ते ५८,४८३ मतांनी हरले.

माझी आत्या मंचरला असते. त्या वेळी मी तिला विचारलं होतं, ''आत्या, मत कुणाला, उमेदवाराला की राजांना?'' ती भाकरी थापता थापता म्हणाली, ''अगं, हा माणूस रोज घरात येतो. बाकीचे पाच वर्षांनी येतात. ओळखीचा वाटतो, एवढंच.'' मास कॉमच्या दोन वर्षांत कुठल्याही प्रोफेसरने मला टीव्हीची ताकद इतकी थोडक्यात सांगितली नव्हती.

तसा हा फंडा नवा नाही. दूरदर्शनच्या 'रामायण'मधली सीता आणि रावण, म्हणजे दीपिका चिखलिया आणि अरविंद त्रिवेदी, दोघंही १९९१ मध्ये लोकसभेत पोचले. 'महाभारत'मधला कृष्ण, आपला नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपूरहून निवडून आला. २००४ मध्ये गोविंदाने उत्तर मुंबईत राम नाईकांना पाडलं. राम स्वतः, म्हणजे अरुण गोविल, २०२४ मध्ये मेरठहून गेले. पण 'क्योंकि...'च्या तुलसीचं काय झालं? स्मृती इराणी २००४ मध्ये, मालिका जोरात असताना, चांदनी चौकात हरल्या. म्हणजे टीआरपी म्हणजे मत, असं सरळ गणित नाही.

मला खटकतं ते वेगळंच. २०१९ मध्ये लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती ७० लाख रुपये. मंडप, गाड्या, झेंडे, चहा, वडापाव, सगळ्याचा हिशेब आयोगाला द्यायचा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याकडे 'पेड न्यूज'वरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? पैसे घेऊन जाहिरात बातमी म्हणून छापायची. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या समित्या आल्या. ठीक आहे. पण रोजच्या मालिकेतल्या चेहऱ्याचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहायचा? यात कोल्हेंनी काही नियम मोडला असं मी म्हणत नाही. तो त्यांचा पेशा होता. प्रश्न असा आहे, की समोरच्या उमेदवाराने तसा प्रचार विकत घ्यायचा ठरवला असता तर ७० लाखांत किती मिनिटं मिळाली असती?

आता तुम्ही म्हणाल, खेडेगावातली भोळी माणसं, सीरियल बघून मत देणारच. थांबा जरा. जुन्नरने कोल्हेंना चाळीस हजारांहून जास्त आघाडी दिली, ती घरचा माणूस म्हणूनसुद्धा. आढळरावांच्या आंबेगावानेही त्यांना पंचवीस हजारांच्या वर आघाडी दिली, पण तिथे १९९० पासून दिलीप वळसे-पाटील आमदार आहेत. राष्ट्रवादीची यंत्रणा काय कमी आहे? त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेच्या सहापैकी पाच जागा राष्ट्रवादीने घेतल्या, आणि तिथे कुणीच जिरेटोप घातला नव्हता. तेव्हा क्रेडिट एकट्या रिमोटला देऊ नका. आणि शहरी भोसरी, हडपसर? तिथे आढळरावांनाच आघाडी होती.

गंमत नंतर सुरू झाली. टीव्हीवर रोज दिसणारा माणूस एकदा खासदार झाला, की लोकांना तो गावातही रोज दिसायला हवा असतो! 'खासदार दिसत नाहीत' ही तक्रार विरोधकांनी पाच वर्षं पुरवून पुरवून वापरली. जानेवारी २०२२ मध्ये तर जुनी भूमिकाच अंगावर आली. २०१७ मध्ये शूट केलेल्या 'व्हाय आय किल्ड गांधी'मध्ये कोल्हे नथुराम झाले होते. तो ऑनलाइन रिलीज व्हायची वेळ आली आणि त्यांच्याच पक्षातून टीकेची झोड उठली. संभाजीराजांची भूमिका म्हणजे माणूस स्वतः, असं मानून मत घ्यायचं आणि नथुरामची भूमिका मात्र 'फक्त अभिनय' म्हणायची? हा पेच त्यांचा होताच, पण बघणाऱ्यांचाही होता.

पुढच्याच महिन्यात सीन पालटला. बैलगाडा शर्यत हा जुन्नर-आंबेगाव-खेडचा जीव की प्राण. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात बारीपुढे घोडीवर कोण? खासदार! शब्द दिला होता, पाळला. ती क्लिप माझ्या फोनवर एकाच दिवशी चार ग्रुपवरून आली.

आणि न्यूज चॅनेल्स? त्यांच्यासाठी हा भाग म्हणजे बिबट्या. नाहीतर टोमॅटो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने शंभरी पार केली तेव्हा नारायणगावच्या मार्केटात कॅमेऱ्यांची झुंबड उडाली. सप्टेंबरात भाव पार कोसळले, तेव्हा कॅमेरेही पांगले होते. आंबेगावातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला डोंगर खचला आणि दीडशेवर माणसं गेली. ही बातमी जगाला कुणी दिली? कोणत्याही ओबी व्हॅनने नाही, तर नेहमीच्या फेरीला गेलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने. त्याला गाव दिसलंच नाही!

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच महिन्यात कोल्हे लोकसभेतून निलंबित झाले, आणि नंतर शिवनेरीहून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला. तोवर पक्ष फुटला होता, मतदारसंघातले बहुतेक आमदार अजितदादांकडे होते आणि आढळरावही त्यांच्याच घड्याळावर उभे राहिले. निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ ला, मतदान होतं १३ मेला. कोल्हे या वेळी जिंकले १ लाख ४० हजारांहून जास्त मतांनी. 'स्वराज्यरक्षक संभाजी' संपून तेव्हा चार वर्षं झाली होती. आत्याच्या ओट्याजवळ कांद्याची पोती पडून होती आणि त्या वेळी तिने राजांचं नावसुद्धा काढलं नाही.

नोव्हेंबरात विधानसभा आली. शरद पवारांच्या पक्षाचं नवं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि मशीनवर शेजारी अपक्षांसाठी ट्रम्पेट, जवळजवळ तसंच दिसणारं. आंबेगावात वळसे-पाटील १,५२३ मतांनी वाचले. ट्रम्पेटवाल्या अपक्षाचं नाव पवारांच्या उमेदवारासारखंच, आणि त्याला मतं पडली २,९६५.

दिवाळीत मी मंचरला गेले होते तेव्हा हाच विषय चालू होता. आत्या शेजारच्या काकूंना कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने चित्र काढून दाखवत होती. ''हे बघा, माणूस असला तरच. नुसती पिपाणी असली की पुढं सरकायचं.'' काकूंनी चष्मा लावला, कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, ''आणि मे महिन्यात मी काय दाबलं असेल हो?''