हंगाम आला, घर ओस पडले. दारच्या कुत्र्याचे काय?



तोडणीची चिठ्ठी हातात पडली की आपल्या केळझर भागातल्या घरांचे रोजचे वेळापत्रक एका दिवसात पालटते. घरधनी पहाटेच वावरात, घरची बाई भाकरी बांधून मागोमाग, पोरे शाळेत. रात्रीची लाईन असली तर ओलितापायी रात्रही वावरातच जाते. पावसाळाभर माणसांत राहिलेले कुत्रे मात्र कुलूपबंद दारापुढे एकटे पडते.

मग आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना तक्रारी ऐकू येतात : "साहेब, कुत्रं बिघडलं. दिवसभर रडतं, दार ओरबाडतं, नको तिथं घाण करतं." कोणी काठीने बडवतो, तर कोणी गाडीत घालून बोरच्या जंगलाकडे सोडून येतो. तिथे ते बिबट्याच्या तोंडी जाते, नाहीतर परतीच्या वाटेवर वाहनाखाली. आपले केळझर म्हणजे पांडवांची एकचक्रानगरी, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याच पांडवांतल्या धर्मराजाने कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जाणे नाकारले होते.

हे बिघडणे नव्हे, ही एकटेपणाची भीती आहे. कुत्रा कळपाने राहणारा प्राणी. घरची माणसे हाच त्याचा कळप. माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच आकांत जास्त होतो, ही ओळखण्याची खूण. २०२० च्या टाळेबंदीनंतर माणसे पुन्हा कामावर जाऊ लागली, तेव्हा शहरांतल्या पाळीव कुत्र्यांतही हेच दिसले. परत आल्यावर मारल्याने उपयोग शून्य. मार कशाबद्दल हे त्याला उमगत नाही, उलट धास्ती वाढते.

उपाय सोपा, पण ठिबकासारखा थोडा थोडा द्यावा लागतो. दसऱ्यापासूनच सुरुवात करा. आधी पाच मिनिटे घराबाहेर जा आणि ते घाबरायच्या आत परत या. मग दहा मिनिटे, अर्धा तास, असे वाढवत न्या. आकांत केला तर वेळ पुन्हा कमी करा. जाताना लाडीगोडी नको, आल्यावरही गडबड नको. निघण्याआधी त्याला चांगले फिरवून आणा. सावली, भरपूर पाणी, घरच्या माणसाचे जुने कापड आणि चघळायला काहीतरी जवळ ठेवा. खाण्याची वेळ शक्यतो बदलू नका. जमल्यास म्हाताऱ्या माणसाजवळ किंवा शेजाऱ्याकडे ठेवा. एवढे करूनही फरक पडला नाही तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. यावर औषधेही आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. वागणे एकाएकी बदलले, लाळ गळू लागली, गिळता येईना, चाल लटपटली किंवा विनाकारण चावू लागले, तर तो एकटेपणा समजू नका. पिसाळल्याचा संशय धरा. जवळ न जाता पशुवैद्यकांना कळवा. कोणाला चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला लस टोचा आणि पुढे दरवर्षी चुकवू नका.

बेणे लावल्यावर उगवणीची वाट आपण धीराने पाहतोच. कुत्र्याला नवी सवय लागेपर्यंतही तेवढाच धीर धरा. रात्री वावरात रानडुकराची चाहूल आधी त्यालाच लागते.