कंपवात समजून घेताना (भाग ५) : ध्यानाला बसल्यावर हात का थांबतो?

मागच्या आठवड्यात आपण कंपवातावरच्या लेव्होडोपाच्या गोळीचं काम पाहिलं. त्यानंतर घरोघरी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ध्यानानं कंप थांबतो का? काशीत तर तो आणखी साहजिक. बुद्धांनी पहिला उपदेश केला त्या सारनाथजवळ आज धम्मचक्क हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आहे, आणि शहरात बनारस हिंदू विद्यापीठाचं मोठं रुग्णालय. कंपवाताच्या माणसाला या दोन्ही ठिकाणी जावंसं वाटतं. त्यातलं एकच निवडायला त्याला कुणी भाग पाडू नये.

शांत बसल्यावर काही रुग्णांचा हात थोडा वेळ स्थिरावतो. घरच्यांना तो चमत्कार वाटतो, पण त्यामागे कारण आहे. मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी मरत जातात, डोपामिन हे रसायन कमी पडतं, हा आजाराचा पाया. थरथर किती व्हावी हे मात्र तेवढ्यावरच ठरत नाही. ताण आला की नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रसायन वाढतं आणि कंप जोर धरतो. म्हणूनच तपासताना डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. हिशेब सुरू झाला की मांडीवरचा हात जास्त हलू लागतो. बँकेत मागे रांग असताना सही करायची वेळ आली की काय होतं, हे रुग्णांना वेगळं सांगायला नको. ध्यान नेमका हा ताण उतरवतं. मेलेल्या पेशी त्यानं परत येत नाहीत.

२००२ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी योगनिद्रेतल्या आठ अनुभवी साधकांचे मेंदू तपासले. डोपामिनचा स्राव सुमारे ६५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. बातमी मोहात पाडणारी आहे, पण ते साधक निरोगी होते. रुग्णांवरचा भरवशाचा अभ्यास हाँगकाँगचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात १३८ जण होते. आठ आठवडे काहींनी सजगतेसह योग केला, काहींनी स्नायू ताणण्याचे आणि बळ वाढवण्याचे व्यायाम. हालचालीत दोघांनाही सारखाच फायदा झाला. चिंता आणि खिन्नता मात्र योग करणाऱ्यांची जास्त उतरली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. कंपवातात खिन्नता माणसाला हातापायांच्या आधी घरात कोंडते, आणि आपण तिला आजारात धरतच नाही.

बरं वाटलं म्हणून गोळी मात्र स्वतःहून सोडू नका. लेव्होडोपा अचानक थांबवल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात रोज सुमारे दहा तास बसावं लागतं. नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि केंद्रालाही आजार सांगा. घरी सुरुवात करायची तर गोळीचा अंमल चांगला असताना, पाठ टेकता येईल अशा खुर्चीत वीस मिनिटं पुरेत. उठताना घाई नको, रक्तदाब उतरून तोल जातो.

पुढच्या आठवड्यात : चालता चालता पाय जमिनीला का खिळतात?