केमोथेरपी आणि फिटची गोळी : कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगायलाच हवे

केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी डॉक्टर विचारतात, "आणखी कोणती औषधे चालू आहेत?" रुग्ण बीपीची गोळी सांगतात, शुगरची सांगतात. वर्षानुवर्षे रात्री झोपताना घेतली जाणारी फिटची गोळी मात्र सांगायची राहून जाते. कधी ती इतकी अंगवळणी पडलेली असते की औषध वाटतच नाही, तर कधी आकडीचा विषय चारचौघांत काढायला संकोच वाटतो. पण या एका गोळीमुळे केमोचा परिणाम कमी-जास्त होऊ शकतो.

फिटच्या गोळीमुळे केमोवर काय परिणाम होतो?

बरीच औषधे आपल्या लिव्हरमध्ये मोडली जातात. हे काम तिथली एन्झाइम करतात. फेनिटॉइन (एप्टॉइन), कार्बामाझेपिन (टेग्रिटॉल) आणि फेनोबार्बिटोन (गार्डिनल) ही फिटची जुनी, स्वस्त आणि चांगली औषधे आहेत. पण ती या एन्झाइमचा वेग वाढवतात. त्यामुळे पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, इरिनोटेकान, व्हिनक्रिस्टिन, इमॅटिनिब यांसारखी कॅन्सरची औषधे लवकर मोडली जातात आणि रक्तात कमी उरतात.

हे बाहेरून कळत नाही. उलट केमोचा त्रास कमी झाल्यासारखा वाटू शकतो. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांवरील एक अभ्यास 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. केमोबरोबर अशी फिटची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांमध्ये कॅन्सर उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले होते.

व्हॅल्प्रोएटचे वागणे वेगळे आहे. ते काही एन्झाइमचा वेग कमी करते. शिवाय प्लेटलेट कमी करू शकते. केमोनेही प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

केमोमुळे फिट पुन्हा येऊ शकते का?

होय. त्याची काही कारणे अशी :

• सिस्प्लॅटिनसारख्या औषधांमुळे रक्तातील फेनिटॉइन कमी होऊ शकते.
• कॅपेसिटाबिन आणि फाइव्ह-एफयू यांच्यामुळे उलट फेनिटॉइन वाढते. मग चालताना तोल जाणे, जीभ जड होणे, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, सतत झोप येणे असा त्रास होतो. त्याला नुसता 'केमोचा अशक्तपणा' समजू नका.
• उलटीबरोबर गोळी बाहेर पडते.
• केमोनंतर जंतुसंसर्ग झाल्यास दिले जाणारे मेरोपेनेम हे इंजेक्शन व्हॅल्प्रोएटची पातळी झपाट्याने खाली आणते.
• ट्रॅमाडॉल या वेदनाशामकामुळेही फिटची शक्यता वाढते.

मग गोळी बंद करायची का?

स्वतःहून अजिबात नाही. गोळी अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. गरज असल्यास मेंदूविकारतज्ज्ञ औषध बदलतात. अनेकदा लेव्हेटिरासिटॅम निवडतात, कारण लिव्हरमधील या एन्झाइमशी त्याचा फारसा संबंध येत नाही. मात्र ते किडनीवाटे बाहेर पडत असल्याने किडनीवर ताण आल्यास डोस बदलावा लागतो. काहींना त्याने चिडचिड किंवा उदासपणाही येतो. घरच्यांनी त्याकडे लक्ष ठेवावे.

जुने औषध हळूहळू कमी करतात. ते थांबवल्यावरही एन्झाइमचा वाढलेला वेग पूर्ववत व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून हे केमोपूर्वीच सांगितलेले बरे. पण केमो सुरू झाली असेल तरी आज सांगा. उशीर झाला म्हणून गप्प राहू नका.

नातेवाइकांसमोर सांगता येत नसेल तर?

काही जणींनी लग्नाच्या वेळी फिटचा आजार सासरी सांगितलेला नसतो. अशा वेळी "डॉक्टर, मला तुमच्याशी एकट्याने बोलायचे आहे," एवढे म्हणा. किंवा गोळीचे रिकामे पाकीट नर्सच्या हातात द्या.

घरच्यांनी काय करावे?

• सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून प्रत्येक भेटीला न्या.
• दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवा.
• गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर पुन्हा द्यायची का हे फोन करून विचारा.
• फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएटची रक्तातील पातळी तपासायची का, हे विचारा.
• दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर आधी डॉक्टरांना दाखवा.
• नवीन गोळी सुरू झाल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

फिट आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवा, घट्ट कपडे सैल करा, वेळ पाहा. तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. फिट 5 मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर ताबडतोब रुग्णालयात न्या. केमो चालू असलेल्या रुग्णाची फिट थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.